नेमल्या वेळचा नोकर : संगणकातील ‘क्रॉन’

पेढीवरील कामे दोन प्रकारची असतात. गिऱ्हाईक आले म्हणजे करावयाची ती एक, आणि गिऱ्हाईक येवो वा न येवो, ठरल्या वेळी करावयाची ती दुसरी. महिनाअखेर येणेबाकीची यादी काढणे, हिशेबाची नक्कल दुसरीकडे ठेवणे ही कामे दुसऱ्या प्रकारची. आणि विसरली जातात ती नेमकी हीच. ज्या सभासद बंधूंचा जमाखर्च युनिक्स अथवा त्याच वळणाच्या लिनक्स प्रणालीवर चालतो, त्यांच्या यंत्रात या कामांसाठी एक नोकर बसलेलाच आहे. त्याचे नाव क्रॉन.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९७९ साली काढलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत क्रॉन होता. पुढे १९८७ साली पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेला क्रॉन दूरवर पसरला. त्याची रीत साधी आहे. दर मिनिटास तो जागा होतो, यादी पाहतो, त्या मिनिटाचे काम असल्यास सुरू करून देतो आणि पुन्हा निजतो. या यादीस क्रॉनटॅब म्हणतात. तिच्या प्रत्येक ओळीत मिनिट, तास, तारीख, महिना व वार असे पाच रकाने आणि त्यांपुढे करावयाच्या कामाची आज्ञा असते. तारकाचिन्ह असेल तेथे ‘कोणतेही चालेल’ असे समजावे. ‘३० २१ * * *’ म्हणजे रोज रात्री साडेनऊ वाजता. (यंत्रात हे आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत घालावयाचे.)

येथे एक खोच आहे. ‘० २१ १ * ०’ असे लिहिणाऱ्यास वाटते की, एक तारखेस रविवार आला तरच काम होईल. क्रॉन मात्र दर एक तारखेस आणि शिवाय दर रविवारी ते करतो. तारीख व वार हे दोन्ही रकाने भरले की त्यांतील एक जुळला तरी त्यास पुरते. दुसरी खोच घड्याळाची. भाड्याने घेतलेली दूरची यंत्रे बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. ती वेळ आपल्या साडेपाच तास मागे. तेथे आपल्या रात्री साडेनऊचे काम १६ वाजता लिहावे लागते.

परंतु आम्हांस धडा मिळाला तो याहून साध्या गोष्टीत. आमच्या पेढीवर रात्री अकरा वाजता खतावणीची नक्कल निघावी अशी ओळ आम्ही मोठ्या हौसेने लिहविली होती. ओळ बिनचूक होती. मात्र दुकान नऊला बंद होई, आणि आमचे दिवाणजी वडिलांच्या काळच्या शिस्तीप्रमाणे विजेचे मुख्य बटण बंद करूनच कुलूप लावीत. अकरा वाजता यंत्रच निजलेले! सकाळी ते सुरू झाल्यावर क्रॉन मागील चुकलेले काम भरून काढीत नाही. त्याने तक्रारही केली नाही. करणार तरी कशी? ऐन पावसाळ्यात यंत्राची तबकडी बिघडली, तेव्हा कळले की शेवटची नक्कल सात महिन्यांपूर्वीची आहे. बिलांच्या स्थळप्रतींवरून उधारी पुन्हा चढविण्यात दिवाळी आली, आणि कित्येक येणी गिऱ्हाइकांच्या सचोटीवरच सोडावी लागली. दिवाणजींस आम्ही बोल लावला नाही. त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते.

आता नक्कल दुकान बंद होण्यापूर्वी, आठ वाजता निघते. चुकलेले रोजचे काम यंत्र सुरू झाल्यावर करणारा ‘अ‍ॅनाक्रॉन’ नावाचा जोडीदारही मिळतो. ज्यांची यंत्रे रात्री बंद असतात त्यांनी तो अवश्य बसवून घ्यावा. आज्ञेत कार्यक्रमाचा संपूर्ण पत्ता लिहावा, कारण हाताने चालणारी आज्ञा क्रॉनकडून पुष्कळदा पत्त्याअभावीच अडते. यादी दुरुस्त करण्याचे अक्षर ‘ई’ आणि ती समूळ पुसण्याचे ‘आर’. कळफलकावर दोन्ही शेजारी आहेत, म्हणून यादीची एक छापील प्रत आम्ही तिजोरीत ठेविली आहे.

दर सोमवारी सकाळी दिवाणजी मागील रात्रीची नक्कल दुसऱ्या यंत्रावर उघडतात, कोणतेही एक खाते काढून त्याची बाकी रोजकीर्दीशी ताडतात, आणि जुळल्यास वहीत सही करतात.