लहान मोटारगाडीला मोठे इंजिन

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणारा रस्ता कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीमधून जातो. तो जवळजवळ सपाट असल्यामुळे लहान इंजिनाच्या गाडीसही तेथे फारसे श्रम पडत नाहीत. परंतु चार माणसे व सामान घेऊन पुढची मालमोटार ओलांडावयाची असली, किंवा कोडाईकनालचा घाट चढावयाचा असला, म्हणजे तिची शक्ती अपुरी पडते. मग याच गाडीत थोडे मोठे इंजिन बसविता येईल काय, हा प्रश्न मालकाच्या मनात उभा राहतो.

या प्रश्नाच्या अभ्यासास स्टँडर्ड हेरल्ड ही गाडी फार सोयीची आहे. मूळ ट्रायम्फ हेरल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली निघाली व १९६१ पासून मद्रास येथे तिचे उत्पादन होऊ लागले. भारतीय गाडीचे इंजिन ९४८ घन सें.मी.चे होते. इंग्लंडमध्ये मात्र त्याच गाडीला १९६१ मध्ये ११४७ घन सें.मी.चे व १९६७ मध्ये १२९६ घन सें.मी.चे इंजिन मिळाले.

ही तिन्ही इंजिने एकाच घराण्यातील होत. पिस्टनच्या धावेची लांबी तिन्हींत ७६ मिलिमीटरच आहे. वाढला तो सिलिंडरचा व्यास. तो ६३ वरून ६९.३ व नंतर ७३.७ मिलिमीटर झाला. आकारमान व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे एवढ्याशा फरकाने इंजिन तिसऱ्या हिश्शाहून अधिक मोठे झाले. बाहेरील ठेवण बहुतांशी तशीच राहिल्याने नवे इंजिन जुन्या जागी बसू शकते. मेळ असलेले इंजिन म्हणतात ते यालाच.

तथापि इंजिन बसले म्हणजे काम संपले, असे समजणे धोक्याचे आहे. मूळ इंजिनाची शक्ती सुमारे ३५ अश्वशक्ती होती. १२९६ च्या इंजिनाची ६१ होती. ही वाढीव शक्ती क्लच, गिअरबॉक्स व मागील आस यांमधून चाकांपर्यंत जाते, आणि यांतील जो भाग दुर्बल असेल तो प्रथम मोडतो. कारखान्याने स्वतः काय केले, हे येथे पाहण्याजोगे आहे. ११४७ च्या इंजिनाबरोबर त्याने मागील आसाचे गुणोत्तर ४.८७५ वरून ४.११ वर आणले, म्हणजे त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी झाले. १२९६ च्या गाडीला पुढील चाकांवर डिस्क ब्रेक दिले. मोठे इंजिन उष्णताही अधिक निर्माण करते. तंजावरच्या उन्हाळ्यात जुना, गाळ साचलेला रेडिएटर तिला पुरा पडणार नाही. शिवाय हेरल्डच्या मागील चाकांची रचना अशी आहे, की वेगात वळताना चालकाने ॲक्सिलरेटरवरील पाय एकाएकी उचलल्यास बाहेरचे चाक आत दुमडू पाहते. शक्ती वाढली की हा दोष अधिक जाचक होतो.

कायद्याची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. इंजिनाचा क्रमांक व आकारमान नोंदणीपत्रात असतात. म्हणून जुने इंजिन उतरविण्यापूर्वीच प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे लेखी परवानगी मागावी, आणि ती नाकारली जाण्याची शक्यता गृहीत धरावी. परवानगीवाचून बदललेल्या गाडीला अपघात झाल्यास विम्याची भरपाई मिळणेही कठीण होते.

यास्तव क्रम असा असावा : प्रथम परवानगी, नंतर ब्रेक व रेडिएटर, आणि शेवटी इंजिन. तत्पूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी. जुन्या गाडीचा अशक्तपणा पुष्कळदा इंजिनाच्या लहानपणामुळे नसून झिजेमुळे असतो. सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन व रिंगा बसविल्या आणि व्हॉल्व्ह नीट घासून घेतले, तर गमावलेली शक्ती बरीचशी परत येते. सपाट प्रदेशात गाडी चालविणाऱ्यास बहुधा तेवढेच पुरेसे ठरते.