अठ्ठाविसावा रकाना

छोटे, अमेरिकी नौदलातली नोंद दुरुस्त करून घेण्याच्या तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला. पहिलीच ओळ, "झाल्या प्रकाराबद्दल मला पश्चात्ताप होतो." कशाचा पश्चात्ताप गं? नॉरफोकच्या जहाजावर इंजिनखोलीच्या उकाड्यात चार वर्षं काढलीस त्याचा, की बरोबरीच्या मुलीशी विश्वासाने मनातलं बोललीस त्याचा? ती ओळ आधी खोड. हा अर्ज म्हणजे माफीनामा नव्हे. सातबाऱ्यावर तलाठ्याने भलतीच नोंद चढवली तर आपण जातो आणि दुरुस्त करा म्हणतो, त्याच्यापुढे नाक घासत नाही. हे तेवढंच आहे.

मी वकील नाही, वकिलांच्या कचेरीत फायली लावणारी बाई आहे. तेव्हा हे ताईचं बोलणं म्हणूनच घे. सहीआधी जाणत्या माणसाला दाखवायचंच आहे, ते पुढे सांगते. पण फायली वाचून वाचून इतकं कळलंय की रडत लिहिलेल्या अर्जात मुद्दा कुठे आहे ते वाचणाऱ्याला शोधावं लागतं, आणि शोधायला कुणाला वेळ नसतो.

तुला ज्या कायद्याखाली काढलं तो सैन्यातल्या समलिंगी लोकांबद्दलचा १९९३चा, 'डोन्ट आस्क, डोन्ट टेल'. वरवर किती सभ्य! आम्ही विचारणार नाही, तुम्ही सांगू नका. प्रत्यक्षात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. 'मी अशी आहे' एवढं तोंडातून निघालं तरी ते वर्तनच धरलं जायचं. तेरा हजारांहून जास्त लोक त्यापायी घरी गेले, आणि त्यात बायकांचं प्रमाण सैन्यातल्या त्यांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त होतं. का, ते मी तुला सांगायला नको. कामात चोख आणि पुरुषाला 'नाही' म्हणणारी मुलगी दिसली की कुजबूज सुरू व्हायला किती वेळ लागतो? कायदा रद्द करण्यावर ओबामांनी २२ डिसेंबर २०१०ला सही केली, आणि २० सप्टेंबर २०११पासून तो गेला. तू २००४मध्येच बाहेर पडली होतीस.

आता तो सुटकेचा कागद काढ. डीडी २१४, लांबवाली प्रत, 'मेंबर ४'. खालच्या भागात चार रकाने आहेत, आपलं सगळं भांडण त्या चारांशी. चोविसाव्यात सेवा कशी होती ते. तुझ्यात 'जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स', म्हणजे 'ऑनरेबल'च्या एक पायरी खाली. त्याखाली 'अदर दॅन ऑनरेबल', आणि सगळ्यात खाली कोर्टमार्शल झालेल्यांच्या दोन पायऱ्या. सव्विसाव्यात काढण्याच्या कारणाचा कोड. सत्ताविसाव्यात परत भरती होता येईल का त्याचा कोड, तुझा आरई-४, म्हणजे नाहीच. आणि अठ्ठाविसाव्यात चक्क अक्षरांत कारण: 'होमोसेक्शुअल अ‍ॅडमिशन'.

हा अठ्ठाविसावा रकाना पाहिला की माझं डोकं फिरतं. नोकरीला, बँकेत, घरभाड्याला, जिथे जिथे माजी सैनिक असल्याचा पुरावा मागतात तिथे हा कागद जातो आणि तुझ्याआधी बोलतो. ज्यात कारण छापलेलंच नसतं ती आखूड प्रत असते, माहीत आहे. पण समोरचा लांब प्रतच मागून बसला तर? तू गेल्या वर्षी ती सरकारी नोकरी का सोडून दिलीस, हे मावशीला कळलं नाही, मला कळलं.

म्हणून 'जनरल आहे, चालतंय की' हे तुझं म्हणणं मला पटत नाही. चालतंय ते चोविसाव्या रकान्याचं. दुरुस्ती चारही रकान्यांची मागायची. आणि ती काही जगावेगळी मागणी नाही. कायदा गेला त्याच दिवशी संरक्षण खात्याचे तेव्हाचे उपसचिव क्लिफर्ड स्टॅनली यांनी असे अर्ज तपासणाऱ्या मंडळांना लेखी सूचना दिली. माणसाला निव्वळ याच धोरणापायी काढलं असेल आणि फायलीत गैरवर्तनासारखं काही वाढीव नसेल, तर मागणी सहसा मान्य करावी. 'ऑनरेबल' द्यावं, कारणाच्या जागी 'सेक्रेटेरियल ऑथॉरिटी' घालावं, कारणाचा कोड जेएफएफ करावा आणि परत भरतीचा कोड मोकळा करावा. ही नावं अर्जात जशीच्या तशी लिही. मंडळाला ती पाठ असतात, आणि तुला काय हवंय हे त्यांना ओळखावं लागत नाही.

तुझी खरी अडचण 'निव्वळ' या अटीत आहे, हे तुलाही माहीत आहे, मलाही. जहाजावर उशिरा परतलीस, कॅप्टनपुढे उभं केलं, शिक्षा झाली. मसुद्यात त्याचा मागमूस नाही. अगं, ताकाला जाऊन भांडं का लपवतेस? त्यांच्या पुढ्यात तुझी अख्खी फाइल असणार, आणि ते पान त्यांना तुझ्याआधी सापडणार. तूच लिही. अमुक तारखेला उशीर झाला, शिक्षा झाली, ती भोगली, त्यानंतर तसं पुन्हा घडलं नाही, त्यानंतरच्या कामाच्या मूल्यमापनातले गुण हे असे आणि गुड कंडक्ट मेडल या तारखेला मिळालं. मग पुढचं वाक्य: एवढ्यासाठी मला कुणी नौदलातून काढलं नसतं, काढण्याच्या कागदावर कारण म्हणून या गोष्टीचा उल्लेखही नाही. बास. त्यात आजारपण, रेल्वे, मैत्रिणीचा वाढदिवस काही घालू नकोस. सबब जितकी लांब तितका संशय वाढतो.

ही सगळी पानं तुझ्याकडे नाहीत, म्हणून पहिलं काम सेंट लुईसच्या सरकारी दप्तरखान्यातून फाइल मागवायची. फॉर्म १८०, किंवा नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवरूनही होतं. स्वतःची फाइल मागायला पैसे पडत नाहीत. १९७३मध्ये तिथे मोठी आग लागली आणि जुन्या एक कोटी साठ लाखांवर फायली जळाल्या, पण त्या लष्कराच्या आणि हवाई दलाच्या. तू नौदलातली, आणि त्यात इतकी अलीकडची, त्यामुळे ते विघ्न तुला नाही. कनेक्टिकटच्या ह्युबर्ट स्पायर्सना मात्र ते नडलं. हवाई दलात पाद्रीबाबांचे सहायक होते, १९४८मध्ये 'अनडिझायरेबल' म्हणून काढलं. कागद जळाले म्हणून त्यांचा अर्ज आधी फेटाळला गेला. येलच्या कायदा शाखेतल्या पोरांनी खटला लढवला आणि २०१७च्या जानेवारीत 'ऑनरेबल' मिळालं, तेव्हा आजोबा ९१ वर्षांचे होते. 'आता कशाला' म्हणायचं तर त्यांनी म्हणायचं, तू चाळिशीतली बाई!

फॉर्मचं बघ. इंटरनेटवर सगळे २९३ भरा म्हणतात. तो डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाचा, आणि त्याला सुटल्यापासून १५ वर्षांची मुदत असते. तुझी २०१९लाच संपली. तुला १४९ लागेल, नौदलाच्या रेकॉर्ड दुरुस्ती मंडळाचा. त्यालाही नियमाने तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या दृष्टीने उशीर माफ करण्याचा अधिकार मंडळाला असतो. उशीर का झाला हे फॉर्मवरच विचारतात. खरं लिही. कायदाच २०११पर्यंत होता, तेव्हा दाद मागायची कुणाकडे? त्यानंतर हे दार उघडलंय हे तुला कुणी कळवलं नाही. आणि घरात हा विषय काढायची सोय नव्हती. हे तिसरं कारण लाजिरवाणं नाही, तेही लिहायला हरकत नाही.

पण थांब, १४९ भरण्याआधी एक चौकशी कर. २०२३च्या सप्टेंबरमध्ये संरक्षण खात्याने ठरवलं की याच कायद्याखाली काढलेल्या, 'ऑनरेबल'च्या खाली राहिलेल्या लोकांच्या फायली अर्जाची वाट न बघता स्वतःहून तपासायच्या. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आकडे जाहीर झाले: ८५१ जणांच्या फायली पाहिल्या, त्यातल्या आठशेहून जास्त जणांना दिलासा. तू त्यात असशीलही. त्यांच्याकडचा पत्ता तुझ्या जुन्या अपार्टमेंटचा असेल, तर पत्र कुठे गेलं देव जाणे. तुझी नोंद बदलली गेली असेल तर अर्धी लढाई न लढता जिंकलीस.

दुसरी चौकशी कॅलिफोर्नियातल्या दाव्याची. काही माजी सैनिकांनी २०२३मध्ये फेडरल कोर्टात संरक्षण खात्यावर सामूहिक दावा लावला होता, मुख्य तक्रार याच अठ्ठाविसाव्या रकान्याची. 'ऑनरेबल' मिळूनही कागदावर कारण तसंच छापलेलं, अशी हजारो माणसं. २०२५मध्ये तडजोड मंजूर झाली. त्यात कारण काढून नवा २१४ देण्याची, आणि खालच्या पायरीवरच्यांच्या फायली गटाने पाहण्याची सोय आहे. तुला कुठली वाट जवळची, आणि मुदत किती उरली, हे वकिलालाच विचार. बायडन यांनी २०२४च्या जूनमध्ये दिलेल्या माफीचं तू विचारलं होतंस. ती कोर्टमार्शलमध्ये दोषी ठरवलेल्यांसाठी. तुझं कोर्टमार्शल झालंच नाही, तो विषय सोड.

जाणता माणूस म्हणजे कोण? काउंटीत वेटरन्स सर्व्हिस ऑफिसर असतो, त्याच्याकडे जा. फुकट असतं. माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजनचीही माणसं मदत करतात. तिथला म्हातारा वाकडं तोंड करील ही भीती मी समजू शकते. केलं तर उठून दुसऱ्याकडे जा, कायदा कॉलेजांची वेटरन्स क्लिनिक्स याच कामात मुरलेली आहेत. 'महिनाभरात अपग्रेड करून देतो' म्हणून आगाऊ पैसे मागणारा भेटला तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नकोस. वर्ष-दीड वर्ष सहज जातं.

पैशांबद्दल स्पष्ट बोलते, नंतर हिरमोड नको. शिक्षणाच्या जीआय बिलाला 'ऑनरेबल' लागतं, खरं आहे. पहिल्या वर्षी पगारातून दरमहा शंभर डॉलर कापून बाराशे भरलेस, ते त्यापायीच बुडाले. पण २०१३च्या आधी सुटलेल्यांना शिक्षणाचे पैसे वापरायलाही जास्तीत जास्त १५ वर्षांचीच मुदत. तेव्हा मास्टर्सची फी यातून निघेल असं धरून चालू नकोस, विचारून मात्र घे. घरकर्ज आणि व्हीएचा, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याचा, दवाखाना तर 'जनरल'वरही मिळतो, आणि तू आजवर तिकडे फिरकली नाहीस! ते या अर्जासाठी अडलेलं नाही, उद्याच नाव घाल.

मावशीला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. तिच्या लेखी तुझं 'कॉन्ट्रॅक्ट संपलं', आणि मराठी मंडळाच्या गणपतीत ती अजून कौतुकाने सांगते की आमची लेक अमेरिकेच्या नेव्हीत होती. अर्जाची पत्रं तिच्या घरी जायला नको असतील तर माझा पत्ता घाल. झाकली मूठ किती दिवस ठेवायची याचा निर्णय पोस्टमनच्या हातात नको.

आता राहिलं दाखल्याचं पत्र. तुझ्याबरोबर काम केलेलं कुणीतरी हवं, 'स्वभावाने चांगली आहे' म्हणणारं नव्हे, तर 'हिने अमुक पंप रात्रभर जागून दुरुस्त केला' असं सांगणारं. तुझा तो टेक्ससचा चीफ अजून दिवाळीला मेसेज करतो ना? त्याला फोन कर. ईमेल नको, मागच्या वेळी त्याने तीन महिन्यांनी उघडला होता.