स्पॅनिशमधील पूर्वयोगी अव्यये आणि मराठीचा कारकविचार

१.

'मी अंधेरीला राहतो', 'मी अंधेरीला जातो' आणि 'मी अंधेरीला उतरतो' ही तीन वाक्ये मुंबईच्या उपनगरी गाडीत सहज कानावर पडतात. तिन्हींमध्ये नामाला लागलेला प्रत्यय एकच आहे, '-ला'. इंग्रजीत याच तीन वाक्यांसाठी तीन निरनिराळी अव्यये योजावी लागतात. स्पॅनिशमध्ये मात्र दोन पुरतात: 'बिबो एन अंधेरी' (राहतो), 'बोय आ अंधेरी' (जातो) आणि 'बाखो एन अंधेरी' (उतरतो). वास्तव एकच, स्थानकही एकच. परंतु मराठी ते एका घरात बसवते, इंग्रजी तीन घरांत आणि स्पॅनिश दोन घरांत.

मुंबईतील मराठीभाषक विद्यार्थी स्पॅनिश शिकतो ती बहुधा इंग्रजीच्या माध्यमातून. पाठ्यपुस्तक, कोश आणि अध्यापकाचे स्पष्टीकरण ही सर्व इंग्रजीत असतात. त्यामुळे स्पॅनिश अव्ययाचा अर्थ इंग्रजी अव्ययाने सांगितला जातो आणि मराठीची गणना केवळ 'अडथळ्या'त होते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही समजूत अर्धीच खरी आहे. स्पॅनिश अव्ययांच्या काही अतिशय अवघड समजल्या जाणाऱ्या प्रयोगांत मराठी ही इंग्रजीपेक्षा अधिक जवळची वाटाडी आहे. जेथे ती चकवते, तेथेही ती का चकवते हे आपल्या कारकविचारातून नेमके सांगता येते. ओघातच, स्पॅनिशच्या आरशात मराठीच्या विभक्तिव्यवस्थेचेही काही विशेष स्पष्ट होतात. मराठीच्या अभ्यासकाला या विषयाचे महत्त्व आहे ते त्यामुळे.

(स्पॅनिश शब्द येथे लॅटिन अमेरिकेतील उच्चाराला धरून देवनागरीत लिहिले आहेत.)

२.

प्रथम परिभाषा. मराठीत नामाचा वाक्यातील इतर पदांशी असलेला संबंध विभक्तिप्रत्ययांनी आणि शब्दयोगी अव्ययांनी दाखवला जातो, आणि ही दोन्ही साधने नामानंतर येतात. स्पॅनिशमध्ये नामाची विभक्ती उरलेली नाही. लॅटिनमधील विभक्तिरूपे झिजून गेली आणि त्यांचे बरेचसे कार्य नामापूर्वी येणाऱ्या अव्ययांकडे गेले. अशा अव्ययांना येथे 'पूर्वयोगी अव्यये' म्हटले आहे. आपल्याकडे शाळेत विभक्तीचे प्रत्यय जसे पाठ करवून घेतले जातात, तशी स्पॅनिश शाळांतून या अव्ययांची वर्णानुक्रमे मालिका पाठ करवून घेण्याची परंपरा आहे: आ, आन्ते, बाखो, काबे, कोन, कोन्त्रा, दे, देस्दे, एन आणि पुढे. यांपैकी 'काबे' आजच्या भाषेतून जवळजवळ गेले आहे. नित्याच्या व्यवहारातील बहुतेक भार आ, दे, एन, कोन, पोर आणि पारा ही सहा अव्यये वाहतात.

या दोन व्यवस्थांत स्थानाचा भेद उघड आहे आणि विद्यार्थी तो लवकर आत्मसात करतो. रूपाचा भेद त्याहून सूक्ष्म आहे. मराठीत प्रत्यय वा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते: घर, घरा-त, रस्ता, रस्त्या-ने. स्पॅनिश नाम अव्ययापुढे अविकृत राहते. मात्र सर्वनामांत जुन्या विकाराचा अवशेष आढळतो. 'यो' म्हणजे 'मी', परंतु 'माझ्यासाठी' म्हणताना 'पारा यो' न होता 'पारा मी' होते आणि 'माझ्याबरोबर' हे 'कोनमिगो' होते. सामान्यरूपाची सवय असलेल्या मराठी विद्यार्थ्याला हा फेरबदल नवा वाटू नये. अपवादही त्याने लक्षात ठेवावा: 'तुझ्या-माझ्यात' या अर्थी 'एन्त्रे तू इ यो' असेच म्हणतात.

३.

आता 'आ' या अव्ययाकडे वळू. 'बेओ ला कासा' म्हणजे 'मी घर पाहतो'. परंतु 'मी आईला पाहतो' हे 'बेओ आ मि माद्रे' असे होते. कर्म व्यक्तिवाचक असेल तर त्यापूर्वी 'आ' येते, वस्तुवाचक असेल तर सामान्यतः येत नाही. इंग्रजीच्या आधारे शिकणारा विद्यार्थी येथे हमखास चुकतो, कारण इंग्रजीत दोन्ही कर्मे निरव्ययच असतात. मग त्याला 'व्यक्तिवाचक आ' नावाचा एक स्वतंत्र नियम पाठ करावा लागतो.

वस्तुतः हा नियम त्याच्या मातृभाषेत आहेच. आपण 'घर पाहिले' म्हणतो, पण 'रामाला पाहिले' म्हणतो. 'मी राम पाहिला' हे वाक्य नाटकातील भूमिकेविषयी किंवा चित्राविषयी असू शकेल. प्रत्यक्ष माणसाविषयी ते ऐकणाऱ्याला खटकते. साम्य येथेच थांबत नाही. स्पॅनिशमध्ये 'बुस्को उन मेदिको' म्हणजे कोणताही एखादा डॉक्टर हवा आहे. 'बुस्को आ उन मेदिको' म्हणजे विशिष्ट असा एक डॉक्टर मनात आहे. मराठीतही 'मी डॉक्टर शोधतो आहे' आणि 'मी एका डॉक्टरला शोधतो आहे' यांत हाच भेद आहे. व्यक्तित्व आणि निश्चितता या दोन कसोट्यांवर कर्माला चिन्ह द्यावे की न द्यावे हे दोन्ही भाषा ठरवतात. त्यांच्यात निकटचा संपर्क नसताना हे घडले, म्हणून त्याचे मोल अधिक. आपल्या व्याकरणांत '-ला' हा द्वितीयेचा आणि चतुर्थीचाही प्रत्यय म्हणून नोंदवला जातो. स्पॅनिश 'आ' देखील कर्म आणि संप्रदान या दोहोंचे चिन्ह आहे.

'आवडणे' या क्रियापदाचेही तसेच. 'मला आंबा आवडतो' या वाक्यात आंबा हा कर्ता आणि अनुभव घेणारा चतुर्थीत. स्पॅनिशमध्ये 'आ मी मे गुस्ता एल मांगो' या वाक्याची घडण जवळजवळ पदशः हीच आहे. इंग्रजीच्या वळणाने विचार करणारा विद्यार्थी येथे 'यो' हा कर्ता योजतो आणि फसतो. मराठीतून विचार केला तर फसण्याचे कारणच उरत नाही.

४.

स्पॅनिशच्या प्रत्येक विद्यार्थ्याला 'पोर' आणि 'पारा' ही जोडी छळते, कारण इंग्रजीत दोहोंसाठी पुष्कळदा एकच अव्यय येते. येथे कारकविचाराचा उपयोग विशेष होतो.

पाणिनीय परंपरेत तृतीया ही कर्ता, करण आणि हेतू यांची विभक्ती मानली जाते, तर चतुर्थीकडे संप्रदान आणि तादर्थ्य, म्हणजे 'त्यासाठी असणे', ही कार्ये येतात. मराठीत पहिल्या गटात '-ने' आणि त्याचे सहचर '-मुळे', '-बद्दल' येतात. दुसऱ्या गटात '-साठी' आणि '-करिता'. पुढील उदाहरणे पाहावीत:

'एस्क्रितो पोर सेर्बान्तेस': सेर्बान्तेसने लिहिलेले (कर्ता).
'पोर मिएदो': भीतीने (हेतू).
'पोर ला काये': रस्त्याने (मार्ग).
'ग्रासियास पोर ला आयुदा': मदतीबद्दल आभार (कारण).
'उन लिब्रो पारा ती': तुझ्यासाठी एक पुस्तक (संप्रदान).
'एस्तुदियो पारा एल एक्सामेन': परीक्षेसाठी अभ्यास करतो (तादर्थ्य).

पहिली चार वाक्ये इंग्रजीत मांडावयाची तर निरनिराळी अव्यये लागतील आणि त्यांच्यातील सूत्र दिसेनासे होईल. मराठीत पहिल्या तिन्हींना एकच '-ने' पुरतो. कर्ता, हेतू आणि मार्ग यांना एकत्र बांधणारी कल्पना म्हणजे 'ज्याच्या द्वारे क्रिया घडते ते', आणि ती 'पोर' व '-ने' यांनी सारखीच जपली आहे.

तथापि येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. 'स्वातंत्र्यासाठी लढणे' हे स्पॅनिशमध्ये 'लुचार पोर ला लिबेर्ताद' असे होते, 'पारा' लागत नाही. मराठी '-साठी'त साध्य आणि प्रेरणा हे दोन्ही अर्थ मावतात. ज्याच्याखातर आपण झिजतो, मरतो, ते स्पॅनिशच्या दृष्टीने क्रियेमागचे कारण असते. म्हणून '-साठी'च्या जागी '-खातर' सहज बसत असेल तर 'पोर'चा विचार करावा, हा व्यवहारापुरता नियम सांगता येईल. तो सर्वत्र लागू पडेल असा दावा नाही.

'-पर्यंत' या अव्ययाचीही अशीच फोड करावी लागते. 'सोमवारपर्यंत थांबा' यात थांबण्याची क्रिया सोमवार येईतो चालू राहते. स्पॅनिशमध्ये 'आस्ता एल लुनेस'. 'सोमवारपर्यंत निबंध द्या' यात सोमवार ही मुदत आहे. तेथे 'पारा एल लुनेस' म्हणावे लागते. मराठी हा भेद क्रियापदावर सोपवते, स्पॅनिश तो अव्ययातच सांगते.

५.

स्थलवाचक संबंधांत मराठी अधिक चकवते. 'शाळेत आहे' आणि 'शाळेत जातो', 'घरी आहे' आणि 'घरी जातो' या जोड्यांत मराठी नामाचे रूप बदलत नाही. स्थिती की गती हे क्रियापदावरून कळते. स्पॅनिशमध्ये 'एस्तोय एन कासा', परंतु 'बोय आ कासा'. मराठी विद्यार्थी 'बोय एन ला एस्क्वेला' म्हणतो तेव्हा तो निष्काळजी नसतो. तो सप्तमीचा '-त' प्रामाणिकपणे 'एन'मध्ये उतरवत असतो. उलट दिशेने, 'एन' हे एकच अव्यय '-त' आणि '-वर' या दोहोंचे काम करते: 'एन ला मेसा' म्हणजे टेबलावर, 'एन ला काखा' म्हणजे पेटीत. वाहनालाही तेच: 'एन त्रेन', म्हणजे गाडीने. पायी जाणे मात्र 'आ पिए'.

मुंबईच्या बोलीत '-वरून'चा वापर विशेष लक्षणीय आहे. 'मी मुलुंडवरून आलो' या वाक्याचे दोन अर्थ होतात. निघण्याचे ठिकाण मुलुंड असेल तर स्पॅनिशमध्ये 'बेन्गो दे मुलुंड'. वाटेत मुलुंड लागले एवढेच सांगायचे असेल तर 'पोर मुलुंड'. प्रमाण मराठीत पहिल्या अर्थी 'मुलुंडहून' हे पंचमीचे रूप उपलब्ध आहे. उपनगरांतील बोलण्यात 'वरून'ने त्याचे क्षेत्र बरेचसे व्यापले आहे. त्यामुळे स्पॅनिश अव्यय निवडताना विद्यार्थ्याला प्रथम स्वतःच्या बोलीतील ही संदिग्धता उकलावी लागते. 'अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत' येथे मात्र काही अडचण नाही: 'देस्दे अंधेरी आस्ता बोरिवली'.

६.

नामानंतर संबंध दाखवणारी भाषा आणि नामापूर्वी तो दाखवणारी भाषा यांची गाठ वर्गातच प्रथम पडते असे नाही. आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, तेथे १५३४ पासून १७३० च्या दशकाच्या अखेरपर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांवर उभारलेल्या ख्रिस्ती मठाचे अवशेष त्याची साक्ष देतात. पोर्तुगीज ही स्पॅनिशची भगिनीभाषा. 'दे', 'पोर' आणि 'पारा' दोहोंत समान आहेत. १५८० ते १६४० या काळात तर स्पेन आणि पोर्तुगाल यांचा राजाही एकच होता. मुंबई परिसरात पोर्तुगीजचे एक मिश्ररूप बोलले जात असे आणि त्याचा अभ्यास सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केला.

या सहवासातून मराठीला पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पगार असे शब्द मिळाले. परंतु प्रमाण मराठीत पोर्तुगीज अव्यय एकही रुजले नाही. यावरून संबंधदर्शक शब्द उसने घेतलेच जात नाहीत, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. बद्दल, शिवाय, खेरीज, बाबत, मार्फत हे आपले नित्याचे शब्द अरबी मूळाचे असून फारसीच्या द्वारे आले आहेत. स्पॅनिशमधील 'आस्ता' हे अव्ययही अरबी 'हत्ता'पासूनच आले आहे. राज्यकारभार, न्याय आणि पत्रव्यवहार यांत दीर्घकाळ मुरलेली भाषाच असे शब्द देऊ शकते असे दिसते. त्यातही मराठीने घेतलेल्या शब्दांना आपल्या शिस्तीत बसवले: ते नामानंतर गेले आणि 'त्याच्याबद्दल' असे सामान्यरूप मागू लागले.

याची दुसरी बाजू रायगड जिल्ह्यातील कोर्लई येथे दिसते. मराठ्यांनी १७४० मध्ये चौलचा प्रदेश मिळवल्यानंतरही तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली भाषा टिकून राहिली. क्लान्सी क्लेमेन्ट्स यांनी १९९६ च्या ग्रंथात तिचे सविस्तर वर्णन केले आहे. तिचा शब्दसंग्रह मुख्यतः पोर्तुगीज; परंतु मराठीच्या प्रभावाने क्रियापद वाक्याच्या अखेरीस सरकले आणि संबंधदर्शक शब्द नामामागे जाऊ लागले. संपूर्ण समाजाच्या बोलण्यात पिढ्यानुपिढ्या जे घडले, तेच स्पॅनिश शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या मनात काही महिन्यांत घडू पाहते.

७.

तात्पर्य, विद्यार्थ्याची 'चूक' ही बहुधा एका सुसंगत व्यवस्थेने दुसरीवर केलेली प्रक्रिया असते. ती नुसती खोडून भागत नाही. कोणत्या कारकाला कोणते चिन्ह लागले हे विचारावे लागते. विभक्ती म्हणजे रूप आणि कारक म्हणजे संबंध, हा विवेक आपल्या व्याकरणपरंपरेने जपला आहे. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'चे वाचन आजही त्या दृष्टीने उपयुक्त ठरते. परभाषेच्या वर्गात हा विवेक आणला तर 'आ' आणि '-ला', 'पोर' आणि '-ने' यांची सोयरीक विद्यार्थ्याला आपोआप दिसेल. '-त' आणि 'एन' यांच्या फारकतीबाबत त्याला वेळीच सावध करता येईल.

मराठीच्या अध्यापकालाही यातून एक काम सापडते. आपल्या '-ला'ची, '-साठी'ची आणि '-वरून'ची अर्थक्षेत्रे आपण गृहीत धरून चालतो. त्यांच्या सीमा नेमक्या कोठे आहेत, आणि उपनगरांच्या बोलण्यात त्या कशा सरकत आहेत, याची पद्धतशीर नोंद व्हावयास हवी. अंधेरीला राहणारा आणि अंधेरीला जाणारा हे दोघे एकाच प्रत्ययाने कसे ओळखले जातात, हा प्रश्न परभाषा शिकताना सुचला असला तरी त्याचे उत्तर मराठीच्याच अभ्यासकाने द्यावयाचे आहे.