उन्हाळ्यात फोन तापतो, चार्जिंग थांबते

प्रश्न : आम्ही भुसावळजवळच्या दीपनगर वसाहतीत राहतो. मे महिन्यात दुपारी फोन ८० टक्क्यांवर येऊन अडतो, पुढे चार्जच होत नाही. बॅटरी गेली का?

उत्तर : बहुधा नाही. ॲपल आणि सॅमसंग आपले फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात. भुसावळ परिसरात मे महिन्यात पारा ४५ च्याही वर जातो. लिथियम-आयन बॅटरी गरम असताना पूर्ण भरली तर लवकर झिजते. म्हणून बरेच फोन आपणहून चार्जिंग मंद करतात किंवा थांबवतात. हा बिघाड नव्हे, शहाणपणा आहे! तरी सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा चालू नाही ना, तेवढे बघा.

चार्जिंग पहाटे करा. कव्हर काढा, फोन उशीखाली नको आणि चार्जिंग चालू असताना गेम तर नकोच. बाइकच्या हँडलवर उन्हात नकाशा लावून फिरणाऱ्यांचे फोन सर्वांत आधी तापतात. गार करायला फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका; आत दव धरते. पंख्याखाली ठेवला तरी पुरे.

मागचे झाकण किंवा स्क्रीन उचलल्यासारखी दिसली, तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग तत्काळ बंद करून फोन सर्व्हिस सेंटरला न्या.