वायरलेस चार्जरवर फोन तापतो? पॅड बदलून देण्याआधी हे तपासा

मोबाईल ॲक्सेसरीजच्या सिरीजमध्ये मागच्या भागात आपण केबल आणि अडॅप्टर बघितले. आज वायरलेस चार्जिंग पॅड. या एका वस्तूसाठी वेगळा भाग घेतोय, कारण पॅड विकायला सोपा आहे, पण विकलेला पॅड परत येऊ न देणं अवघड आहे. गिऱ्हाईक हौसेने घेऊन जातं आणि दोन दिवसांनी काउंटरवर ठेवतं, "दादा, फोन जाम तापतोय, बदलून द्या."

आधी पैशाचा हिशोब करू, म्हणजे विषय किती महत्त्वाचा आहे ते कळेल. समजा, पॅड तुम्हाला ५२० रुपयांना पडला आणि तुम्ही ८५० ला विकला. एका नगामागे ३३० सुटले. दहा विकले तर ३३००. आता त्यातले दोन परत आले, बॉक्स फाटलेले, आणि होलसेलर म्हणाला, "पॅड चालू आहे, मी घेणार नाही." मग आठ नगांचे २६४० मिळाले, त्यातून दोन नगांचे १०४० गेले. हातात राहिले १६००. म्हणजे दहात फक्त दोन रिटर्न आले तरी निम्म्याहून जास्त नफा गेला. आणि गंमत अशी की परत आलेल्या पॅडपैकी बरेच पॅड खराब नसतातच.

मग फोन का तापतो? घरात इंडक्शन शेगडी बघितली असेल. शेगडीत कॉइल असते, तिच्यातून वेगाने दिशा बदलणारा करंट जातो, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि वरचं स्टीलचं भांडं तापतं. वायरलेस पॅडमध्येही कॉइलच आहे, फक्त ताकद खूप कमी. पॅडमधली कॉइल क्षेत्र तयार करते, फोनच्या पाठीतली दुसरी कॉइल त्यातून वीज उचलते आणि बॅटरीला देते. या देवाणघेवाणीत काही वीज वाटेत वाया जाते, आणि वाया गेलेली वीज म्हणजेच उष्णता. समजा पॅडने १० वॅट घेतले आणि बॅटरीपर्यंत ७ पोचले, तर उरलेल्या ३ वॅटची उष्णता पॅड आणि फोनची पाठ यांच्यात वाटली जाते. केबलने चार्ज करताना हा मधला टप्पा नसतो, म्हणून नुकसान कमी. थोडक्यात, वायरलेसवर फोन कोमट होणं हा दोष नाही. हे वाक्य गिऱ्हाइकाला सांगायला शिका, पण बिल करण्याआधी. बिलानंतर तेच वाक्य बहाणा वाटतं.

आता खरा तापणारा फोन. शेगडीचं उदाहरण इथे परत उपयोगी पडतं. फोन आणि पॅडच्या मध्ये धातू आला की तो धातू शेगडीवरच्या भांड्यासारखा तापायला लागतो. आणि आपल्या गिऱ्हाइकांच्या फोनमागे काय काय असतं ते आठवा. कारच्या मॅग्नेटिक होल्डरसाठी कव्हरच्या आत ठेवलेली लोखंडी चकती. बोटात अडकवायची रिंग. कव्हरच्या खाचेत एटीएम कार्ड, कधी दुमडलेली नोट आणि एखादं नाणंसुद्धा. चांगल्या पॅडमध्ये मध्ये आलेला धातू ओळखून चार्जिंग थांबवायची सोय असते. मग लाईट ब्लिंक होते, आणि गिऱ्हाईक तेच बघून म्हणतं पॅड बिघडला. अहो, पॅडने त्याचं काम केलं! हलक्या पॅडमध्ये ही सोय नीट नसते, तो तसाच रेटत राहतो आणि फोन तापत राहतो.

दुसरं कारण म्हणजे फोन वाकडा ठेवणं. दोन्ही कॉइल एकमेकींवर बरोबर आल्या नाहीत की तेवढीच वीज पोचवायला पॅडला जास्त जोर लावावा लागतो आणि वाया जाणारी वीज वाढते. हाच प्रॉब्लेम सोडवायला ॲपलने २०२० मध्ये आयफोन १२ बरोबर मॅगसेफ आणलं, चुंबकाने फोन आपोआप जागेवर बसतो. पुढे २०२३ मध्ये वायरलेस पॉवर कन्सॉर्टियमने क्यूआय२ हे स्टँडर्ड आणलं, त्यातही तीच चुंबकाची कल्पना आहे. तुमच्या गिऱ्हाइकाचा फोन याला चालत असेल तर शे-दोनशे जास्त घेऊन चुंबकवालाच पॅड द्या. माझ्या दुकानात साध्या पॅडपेक्षा याच्या तक्रारी कमी येतात.

वॅटचा घोळ वेगळाच. बॉक्सवर १५ वॅट लिहिलंय म्हणजे प्रत्येक फोन १५ घेईल असं नाही. आयफोन साध्या क्यूआय पॅडवर ७.५ वॅटपर्यंतच घेतो. मग चार्जिंग हळू, फोन तासन्‌तास पॅडवर, आणि तक्रार दुहेरी: तापतोही आणि भरतही नाही. त्यात बऱ्याच पॅडबरोबर अडॅप्टर येत नाही, गिऱ्हाईक घरातला जुना ५ वॅटवाला लावतं. १५ वॅटच्या पॅडला २० वॅटच्या आसपासचा अडॅप्टर लागतो, पॅडच्या खाली बारीक अक्षरात इनपुट लिहिलेलं असतं, ते वाचून दाखवा. हा अडॅप्टर विकायचा बहाणा नाही. घरात योग्य अडॅप्टर असेल तर "तोच वापरा" म्हणून सांगा. अडॅप्टरचा फोटो मागवून घेतलात तर आणखी बरं.

उन्हाळ्याचं मात्र वेगळं सांगावं लागेल. ॲपल स्वतः सांगतं की आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा, आणि ३५ च्या वर बॅटरीची क्षमता कायमची कमी होऊ शकते. आमच्या जळगावात मे महिन्याच्या दुपारी सावलीतसुद्धा पारा ४० च्या वर असतो. म्हणजे चार्जिंग सुरू करायच्या आधीच फोन मर्यादेच्या बाहेर. अशा वेळी फोन स्वतःच चार्जिंग हळू करतो किंवा थांबवतो. आयफोनवर तसा मेसेजही येतो. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडच्या दुकानदारांनी हे तोंडपाठ ठेवावं. सगळ्यात वाईट म्हणजे गाडीतला वायरलेस होल्डर: काचेतून ऊन, स्क्रीनवर मॅप, वर चार्जिंग. तिथे कुठलाही पॅड लावा, फोन तापणारच. अशा गिऱ्हाइकाला मी केबलच देतो, दीडशे रुपयांची का होईना. आणि तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवणारेही आहेत, त्यांना सांगा, आत पाणी धरतं. कव्हर काढून पंख्याखाली ठेवला की पुरे.

तर तक्रार आली की काउंटरवर काय करायचं? वाद घालायचा नाही आणि लगेच बदलूनही द्यायचा नाही. "बसा, चहा घ्या, पंधरा मिनिटं बघू." कव्हर काढा, फोन मधोमध ठेवा, तुमचा चांगला अडॅप्टर लावा, स्क्रीन बंद. पंधरा मिनिटांनी फोन कोमट आहे आणि तळहात आरामात टेकतोय, तर दोष कव्हरचा किंवा ठेवण्याचा. गिऱ्हाईक समोर बघतंय, त्यामुळे ते पटतं. हात ठेववत नसेल तर दुसरा फोन ठेवून बघा. दुसराही तसाच तापला तर पॅड खराब, हसतमुखाने बदलून द्या. दुसरा नॉर्मल राहिला तर पहिल्या फोनकडे बघा. त्याची पाठ किंवा स्क्रीन उचलल्यासारखी दिसली तर बॅटरी फुगली असू शकते. इथे थांबा. कसलंही चार्जिंग नको, दाबून बघणं नको, सरळ सर्व्हिस सेंटरला पाठवा. आठशेच्या पॅडसाठी साठ-सत्तर हजारांच्या फोनची आणि त्या माणसाच्या घराची जोखीम आपल्या डोक्यावर घ्यायची नाही.

विकताना तीनच प्रश्न विचारायची सवय लावा: फोन कुठला, कव्हर कसलं, कुठे वापरणार? पहिल्याच प्रश्नात काही जण गळतील, कारण सगळ्या फोनमध्ये वायरलेस नसतं. सॅमसंगच्या एस सिरीजमध्ये आहे, ए सिरीजमध्ये नाही. तो सेल गेला तरी जाऊ द्या, तो दोन दिवसांत परतच येणार होता. बिलावर फोनचं मॉडेल आणि अडॅप्टर दिला की नाही, एवढं लिहा. पुढे बोलाचाली होत नाही.

खरेदीचंही एक सांगतो. क्यूआय सर्टिफाइड मालाची यादी वायरलेस पॉवर कन्सॉर्टियमच्या साईटवर शोधता येते. बॉक्सवर नुसता लोगो छापणं सोपं आहे, म्हणून मॉडेल नंबर टाकून बघा. अडॅप्टरवर बीआयएसचा आर नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. होलसेलरला रिटर्नची अट व्हॉट्सॲपवर लिहून मागा, तोंडी नको. पहिल्या वेळी पाचच नग उचला आणि प्रत्येक मॉडेलचा एक नग डेमोला ठेवा.

त्या डेमो पॅडवर आजच एक टेस्ट करा. प्लग लावून, वर फोन न ठेवता अर्धा तास राहू द्या. रिकामा पॅड जवळपास थंड असायला हवा. रिकामाच तापत असेल तर ते मॉडेल पुन्हा मागवू नका, उरलेले नग होलसेलरला परत पाठवा. पुढच्या भागात पॉवर बँक घेऊ, तिच्या एमएएचच्या आकड्यांसकट.