हेवी लायसन्स काढताय? आधी गाडी बघा

हेवी लायसन्स काढायला निघालेल्या पोरांना माझं पहिलं सांगणं हेच, की ड्रायव्हिंग स्कूलमध्ये फी विचारण्याआधी शिकवायची गाडी बघून घ्या.

मी शिकलो तिथे एक जुना सहाचाकी ट्रक होता, ट्रेलर औषधालाही नव्हता. नियमाने ट्रान्सपोर्ट गाडीचं प्रशिक्षण किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष स्टेअरिंगवर १५ तास हवं. आमचे तास वहीतच भरले गेले. फॉर्म ५ चं सर्टिफिकेट मिळालं, त्याच ट्रकवर टेस्ट झाली, आणि न्हावा शेवाच्या बाजूला एका मालकाने ४० फुटी कंटेनरचा ट्रेलर ताब्यात दिला. ट्रक येतो त्याला ट्रेलर येतोच, हा त्यांचा हिशोब.

नशिबाने जोडीला जुने उस्ताद होते. त्यांनी यार्डाबाहेर जाऊच दिलं नाही. आधी रिव्हर्स. ट्रेलरची शेपटी उजवीकडे न्यायची तर स्टेअरिंग डावीकडे कापायचं, आणि ती वळू लागली की लगेच उलट फिरवून तिच्या मागे जायचं. एवढासा उशीर झाला तरी केबिन आणि ट्रेलर काटकोनात येतात. मग जोडणी. किंगपिन बसल्याचा आवाज आला तरी ते समाधान मानत नसत. ट्रेलरचे ब्रेक लावून गाडी हलकेच पुढे ओढायची, खाली उतरून टॉर्चने लॉक बघायचं, मग हवेचे पाइप तपासायचे, आणि त्यानंतरच ट्रेलरचे पाय उचलायचे. हे सगळं मला शाळेत मिळायला हवं होतं.

म्हणून सांगतो. कागद सरळ आहेत: वय २० पूर्ण, हलक्या गाडीचं लायसन्स किमान वर्षभर जुनं, डॉक्टरांचा फॉर्म १ए. लायसन्स ५ वर्षं चालतं. टँकरवर ज्वलनशील किंवा विषारी माल न्यायचा असेल तर ३ दिवसांचं वेगळं प्रशिक्षण लागतं. एजंट 'टेस्टला फक्त उभे राहा' म्हणाला, तर तिथून निघा. रस्त्यावर तो तुमच्या शेजारी बसणार नाही.

लायसन्स मिळाल्यावर जाणत्या ड्रायव्हरबरोबर काही फेऱ्या करा, पगार कमी मिळाला तरी. वळणावर मागची चाकं आत कापतात, डाव्या बाजूची मोटरसायकल आरशात दिसत नाही, हे आधी त्यांच्या शेजारी बसून बघा. बोरघाट उतरताना वरूनच खालचा गिअर टाका. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर लायनर तापून ब्रेक धरेनासे होतात. रिकामा ट्रेलर पावसात जास्त घसरतो, तिथे जोरात ब्रेक मारू नका.

आणि मालकांनो, नवा पोरगा आला तर लायसन्स बघून लगेच किल्ली देऊ नका. आधी मोकळ्या यार्डात ट्रेलर रिव्हर्स लावायला सांगा. जमला नाही तर हाकलू नका, शिकवा. पुढच्या गाडीतली माणसंही कुणाच्या तरी घरची असतात.