'अ सूटेबल बॉय' : लग्नाची गोष्ट आणि जमिनीची गोष्ट

विक्रम सेठ यांची 'अ सूटेबल बॉय' ही इंग्रजी कादंबरी १९९३ साली प्रसिद्ध झाली. एकोणीस भाग आणि तेराशेहून अधिक पाने असा तिचा विस्तार. अरुण साधू यांनी ती 'शुभमंगल' या नावाने मराठीत आणली. एवढा ग्रंथ हाती घेताना विद्यार्थ्याचे मन बिचकते हे खरे. पण तिचे मूळ सूत्र आपल्या घराघरातले आहे. मुलगी लग्नाची झाली, आता स्थळ पाहायचे!

काळ १९५१-५२ चा. गंगेकाठच्या ब्रह्मपूर या काल्पनिक शहरात लता मेहरा इंग्रजी साहित्य शिकते आहे. थोरलीचे लग्न उरकताच विधवा आई, रूपा मेहरा, धाकटीसाठी वर शोधू लागते. तिघे तरुण लताच्या आयुष्यात येतात : इतिहासाचा विद्यार्थी व क्रिकेटपटू कबीर दुराणी, बंगाली कवी अमित चॅटर्जी आणि चामड्याच्या धंद्यातला हरेश खन्ना. लताचे मन कबीरवर जडते; पण कबीर मुसलमान आहे.

या कथेला समांतर दुसरी कथा चालते. लताच्या बहिणीचे सासरे महेश कपूर हे राज्याचे महसूलमंत्री असून जमीनदारी नष्ट करणारा कायदा त्यांनी पुढे आणला आहे. पुष्कळ वाचक हा भाग कंटाळून ओलांडतात. माझ्या मते कादंबरीचे मर्म या दोन कथांच्या जोडणीतच आहे. कायदा उंबऱ्याशी येऊन थबकतो, हे दोन्ही कथा आपापल्या परीने सांगतात.

प्रथम जमिनीची कथा पाहू. रशीद हा जमीनदार घराण्यातला आदर्शवादी तरुण. वर्षानुवर्षे आपल्या घरची जमीन कसणाऱ्या कछेरू या चर्मकार मजुराचे नाव दप्तरी कुळ म्हणून लागावे, अशी तो खटपट करतो. आपल्याकडे तलाठी, तसा तिथे पटवारी. घरच्या वडीलधाऱ्यांना हे कळताच दप्तर त्यांना हवे तसे होते आणि कछेरूला जमिनीवरून हुसकावले जाते. ज्या कायद्याने कुळाला जमीन मिळायची, त्याच कायद्याच्या धास्तीने मालक कुळाला आधीच बाहेर काढतो! पुढे रशीदच्या मनाचा तोल ढळतो व तो आत्महत्या करतो.

आता घरात येऊ. जमीनदारी मोडायला निघालेल्या या मंत्र्याच्या पत्नीला लेखकाने स्वतःचे नावच दिलेले नाही. एवढ्या पानांत ती केवळ 'मिसेस महेश कपूर' आहे. ती गेल्यावरच तिची किंमत नवऱ्याला उमगते. कुळाचे नाव दप्तरात नाही आणि गृहिणीचे नाव कादंबरीत नाही. हे साम्य मला योगायोगाचे वाटत नाही.

लतापुढची अडचणही केवळ आईच्या हट्टाची नव्हती. त्या वेळी १८७२ चा विशेष विवाह कायदा लागू होता. हिंदू आणि मुसलमान यांना त्याखाली लग्न करायचे, तर दोघांनीही आपण आपला धर्म मानीत नाही असे जाहीर करावे लागे. ही अट १९५४ च्या कायद्याने गेली. लता एकदा कबीरला पळून जाऊन लग्न करण्याविषयी विचारते. तो मात्र सबुरीचा सल्ला देतो. नंतर मानने मत्सराच्या भरात जिवलग मित्र फिरोजला भोसकल्याचे तिला कळते आणि उत्कट प्रेमाचीच तिला भीती वाटू लागते. अखेर ती हरेशला होकार देते.

ही शरणागती आहे, असे आमच्या वर्गातल्या बहुतेक मैत्रिणींचे मत. लताची मैत्रीण मालतीही तिला तेच सुनावते. मला हा निवाडा अपुरा वाटतो. हरेश खत्री आहे म्हणून आई प्रसन्न; पण त्याचे उच्चार, त्याचे दुरंगी बूट, चामड्याचा वास यांमुळे लताचा साहेबी भाऊ अरुण नाक मुरडतो. खत्र्याच्या मुलाने कातडी हाताळावीत आणि त्यात त्याला कमीपणा वाटू नये, हा त्या काळातला लहान बदल नव्हे. भावाचा विरोध असूनही लता या कष्टाळू माणसाला निवडते, तेव्हा निर्णय तिचाच असतो.

परंतु निवड तिची असली, तरी निवडीचे अंगण आधीच आखलेले होते. अरुणची वर्गाची मोजपट्टी तिने झुगारली. जातिधर्माची मोजपट्टी जागच्या जागी राहिली. सेठ यांनी हे कोठेही ओरडून सांगितलेले नाही. सुखान्त लग्नाच्या मांडवात बसूनही वाचकाला हुरहुर लागते, ती यामुळेच.

कादंबरी अति पसरट आहे, निवडणुकीचे व विधिमंडळाचे तपशील लांबतात, हा आक्षेप मला काही अंशी मान्य आहे. पण तो पसारा नसता, तर लताचे लग्न ही एका घरची खाजगी गोष्ट राहिली असती. १९५४ च्या कायद्याखाली लग्न करणाऱ्यांची ३० दिवसांची नोटीस आजही कचेरीत लागते आणि हरकत घेणाऱ्याला वाट मोकळी असते. वर्तमानपत्रांतील 'वधूवर पाहिजेत' या सदरात जातीचे रकाने अजून आहेत. 'अनुरूप' या शब्दाचा अर्थ ठरवायचा कोणी, हा लताचा प्रश्न म्हणूनच आपलाही आहे. उत्तर देण्याआधी आपल्या अंगणाच्या रेषा कोणी आखल्या, एवढे तरी आपण पाहायला हवे.